फाईल एकटी पडली तरी ओळखू यावी: एका घरच्या मीडिया सर्व्हरचं प्रकरण

मावशीने फोन केला तेव्हा तिला सर्व्हर वगैरे काही नको होतं. "अगं, आईचा आवाज एका कॅसेटवर होता, काकांनी कधीतरी तो कॉम्प्युटरवर घेतला होता, आता सापडत नाहीये, तेवढा शोधून दे," एवढंच तिचं म्हणणं. मी गेले, काकांनी कपाट उघडलं, आणि तो एक आवाज शोधायचं काम पाच महिने चाललं. ते सगळं लिहून ठेवतेय कारण घरचा मीडिया सर्व्हर, म्हणजे घरातले फोटो, गाणी, व्हिडिओ टीव्ही-फोनवर पुरवणारा कॉम्प्युटर, कसा उभा करायचा यावर भरपूर वाचायला मिळतं, कंटेनर, म्हणजे प्रोग्राम ज्यात बंद करून चालवतात तो डबा, कसा चालवायचा, पोर्ट कुठला द्यायचा, पण आत जे भरायचं ते कसं लावायचं, खासकरून आठ-दहा प्रकारचं सामान एकत्र असेल आणि अर्ध्या फाईलींची नावं देवनागरीत असतील तर काय करायचं, यावर फारच कमी लिहिलेलं सापडतं.

तर कपाटात काय होतं? सात एक्स्टर्नल हार्डडिस्क, दोन बंद पडलेले लॅपटॉप, चार जुन्या फोनचे बॅकअप, एका क्लाउडवरून उतरवलेल्या फोटोंच्या झिप फाईली, बावीस मिनीडीव्ही कॅसेट, एकतीस ऑडिओ कॅसेट आणि सीडी-डीव्हीडींचा एक खोका. आत बघितलं तर जेपेग, हाइक, स्कॅन केलेले टिफ, व्हीसीडीच्या डॅट फाईली, डीव्हीडीचे व्हॉब, फोनचे एमपी४, एमपी३ आणि फ्लॅक गाणी, पीडीएफ आणि ईपब पुस्तकं, कॉमिकच्या सीबीझेड, सगळा मेळा. एकूण ४ टीबीच्या थोडं वर भरलं, आणि शेवटी डुप्लिकेट काढून २.६ टीबी राहिलं, म्हणजे दीड टीबीच्या आसपास नुसत्या प्रतींच्या प्रती होत्या. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही, काकांनी दर वेळी नवी डिस्क घेतली की जुनीतलं सगळं तिच्यावर ओतलं होतं आणि जुनीही ठेवली होती. या सवयीनेच पुढे आम्हाला वाचवलं, ते सांगते.

पहिल्याच शनिवारी मी मोठी चूक केली. नवीन डिस्क लावली, लिनक्स टाकलं आणि साध्या कॉपी कमांडने सगळ्या डिस्क एकेक करून तिच्यावर घेतल्या. साधी कॉपी कमांड फाईलची तारीख जपत नाही, कॉपी केली त्या क्षणाची तारीख लावते, हे मला माहीत होतं पण फोटोंच्या आत एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोतच लिहून ठेवतो त्या माहितीत, तारीख असतेच की, मग काय फरक पडतो असं वाटलं. फरक पडला तो ज्यांच्या आत तारीखच नव्हती त्यांना. व्हीसीडीच्या डॅट फाईली, जुन्या कॅमेऱ्याच्या छोट्या क्लिप, मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले फोटो ज्यांचं एक्झिफ पाठवतानाच गळून पडलेलं असतं, या सगळ्यांची एकमेव तारीख ही फाईलसिस्टिमवरची तारीख होती, आणि ती मी एका दुपारी पुसून टाकली. टाइमलाइनवर त्या शनिवारी अकरा हजार फोटो-व्हिडिओ काढलेत असं दिसायला लागलं. जुन्या डिस्क रिकाम्या करू नका असं मी काकांना आधीच बजावलं होतं म्हणून निभावलं. नवी डिस्क पुसली, आर-सिंक या कॉपी प्रोग्रामच्या, तारखा जपणाऱ्या आर्काइव्ह मोडने सगळं परत घेतलं, आणि त्याआधी प्रत्येक जुन्या डिस्कवरच्या फाईलींची नुसती यादी, पूर्ण पाथ, साइज आणि तारीख, अशी एका टेक्स्ट फाईलमध्ये काढून ठेवली. ही यादी काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि पुढे मला ती किती वेळा कामाला आली त्याची गणतीच नाही, कारण फोल्डरचं जुनं नाव हाच कित्येकदा फाईल कुठली आहे याचा एकमेव पुरावा असतो.

एका डिस्कचे काही सेक्टर वाचले जात नव्हते. तिला हात न लावता आधी डीडी-रेस्क्यू या प्रोग्रामने तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढली आणि मग इमेजवरच काम केलं. खराब डिस्कवर सरळ फोल्डर कॉपी करायला बसलं की ती डिस्क तिथल्या तिथेच घासत बसते आणि उरलेलंही जातं.

दुसरी चूक लहान होती पण तिच्यातूनच खरी गोष्ट कळली. जेलीफिन हा मीडिया सर्व्हरचा प्रोग्राम टाकला आणि घरचे व्हिडिओही सिनेमांच्या लायब्ररीत टाकून दिले, वाटलं व्हिडिओ तो व्हिडिओ. सिनेमांची लायब्ररी फाईलचं नाव घेऊन ऑनलाइन डेटाबेसमध्ये सिनेमा शोधते. मावशीने टीव्हीवर उघडलं तर 'सहल' नावाच्या क्लिपला कुठल्यातरी परक्या सिनेमाचं पोस्टर, कलाकारांची नावं, वर्ष, सगळं चिकटलेलं. ती म्हणाली, "हे आपलं नाहीये." मी तिला म्हटलं मावशी, आत आपलंच आहे, वरचं कव्हर चुकलंय. पण ती ते उघडायलाच तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. जेलीफिनमध्ये घरच्या व्हिडिओंसाठी लायब्ररीचा वेगळा प्रकार आहे, तो निवडला की बाहेर काही शोधत नाही, फोल्डरचं नाव दाखवतं. दोन मिनिटांचं काम. पण त्या रात्री मी विचार करत बसले की ही फाईल 'कोण आहे' हे नक्की कुठे लिहिलेलं असतं?

त्याचं उत्तर प्रत्येक फॉरमॅटला वेगळं आहे. गाण्याची ओळख त्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या पोटात. सिनेमाची ओळख फाईलच्या नावात, नाव आणि कंसात वर्ष, बाकी सगळं डेटाबेसवरून येतं. फोटोची ओळख म्हणजे तारीख, ती एक्झिफमध्ये. पुस्तकाची ओळख बऱ्याचदा अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये अडकलेली. आणि घरच्या व्हिडिओची, कॅसेटची ओळख तर कुठेच नाही, ती माणसांच्या डोक्यात. एकच फोल्डर-रचना सगळ्यांना लावायला गेलं की म्हणूनच फसतं. मी ठरवलं की अ‍ॅप कुठलंही असो, ओळख शक्य असेल तिथे फाईलच्या आत लिहायची, आत लिहिता येत नसेल तर फाईलच्या शेजारी छोटी फाईल ठेवायची, आणि अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये फक्त तेच राहू द्यायचं जे गेलं तरी रडू येणार नाही. अ‍ॅप बदलतात हो. जेलीफिन स्वतःच २०१८ च्या शेवटी एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून फुटून निघालं कारण एम्बीने आपला कोड बंद केला, आणि तेव्हा ज्यांनी पोस्टर चित्रं म्हणून आणि नावं, माहिती एनएफओ या छोट्या मजकूर-फाईलींमध्ये मीडियाच्या शेजारीच ठेवली होती त्यांना ते सगळं सामान उचलून दुसऱ्या घरात नेणं सोपं होतं.

आता फोटो. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, दोन महिने. इम्मिच हा फोटोंचा सर्व्हर लावला, पण फोटो त्याच्या ताब्यात दिले नाहीत, एक्स्टर्नल लायब्ररी म्हणून दाखवले, म्हणजे फाईली माझ्या फोल्डरांत जागच्या जागी राहतात आणि इम्मिच नुसतं वाचतं. कंटेनरला ते फोल्डर रीड-ओन्ली जोडलं. चेहरे ओळखणं घरच्याच मशीनवर होतं, बाहेर काही जात नाही, हे काकांना महत्त्वाचं होतं. तारखांची कामं मात्र एक्झिफ-टूलने केली आणि ती प्रकारानुसार वेगवेगळी निघाली. क्लाउडवरून उतरवलेल्या फोटोंसोबत प्रत्येकाची एक जेसन नावाची मजकूर-फाईल होती, बदललेली तारीख आणि टीप त्यात, फोटोत नाही, ती उचलून फोटोच्या आत लिहिली. मेसेजिंग अ‍ॅपच्या फोटोंच्या नावातच वर्ष-महिना-दिवस असतो, तो नावातून काढून आत लिहिला. ती तारीख फोटो आल्याची आहे, काढल्याची नाही, म्हणून त्यांना 'आलेले' असा कीवर्डही घातला. एका कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बदलल्यावर मागे गेलं होतं, त्या सगळ्या फोटोंना एकाच फरकाने पुढे ढकललं, त्यासाठी एक फोटो असा सापडावा लागतो की ज्याची खरी तारीख पक्की माहीत आहे, तो काकांनी शोधून दिला, मागे भिंतीवर कॅलेंडर दिसत होतं.

आणि १९०४ सालचे व्हिडिओ! इम्मिचच्या टाइमलाइनच्या तळाशी सतरा क्लिप १ जानेवारी १९०४ या तारखेला. क्विकटाइम आणि एमपी४ या फॉरमॅटांत वेळ १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि ज्या प्रोग्रामने वेळ भरलीच नाही तिथे शून्य राहतं, म्हणून १९०४. शिवाय या फॉरमॅटांत वेळ युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची असते आणि एक्झिफची वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळातली, स्थानिक. त्यामुळे एकाच कार्यक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ टाइमझोनएवढ्या फरकाने मागेपुढे पडतात. आधी मला वाटलं कुणीतरी घड्याळ चुकीचं लावलंय, मग एकाच फोनचं तेच तेच दिसल्यावर लक्षात आलं.

ज्या जुन्या कागदी फोटोंची तारीखच कुणाला माहीत नाही त्यांचं काय? मावशी म्हणायची, "हा मी शाळेत असतानाचा, पाचवी-सहावी." एक्झिफमध्ये 'साधारण' असं लिहायची सोय नाही, पूर्ण तारीख लागते. मग आम्ही एक रीत ठरवली. अंदाज वर्षाचा असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी, दुपारी बारा, आणि सोबत 'तारीख अंदाजे' हा कीवर्ड. दशकच माहीत असेल तर मधल्या वर्षाची १ जानेवारी आणि 'दशक अंदाजे'. कीवर्ड फोटोतच लिहिलेला असल्याने पुढे कुणीही ती तारीख खरी धरून चालणार नाही. खोटी अचूकता ही मला हरवलेल्या तारखेपेक्षा वाईट वाटते, हरवलेली निदान हरवलीये हे दिसतं.

डुप्लिकेट काढताना मी दोन टप्पे केले. पहिला चेकसमने, म्हणजे फाईलच्या बाइटांवरून काढलेल्या आकड्याने, अगदी बाइट-न-बाइट सारख्या फाईली, त्या डोळे मिटून काढल्या, फक्त दोन्हींपैकी ज्या फोल्डरचं नाव अर्थपूर्ण आहे तिथली ठेवली. दुसरा दिसायला सारख्या फोटोंचा, चकावका नावाचा प्रोग्राम ते चांगलं शोधतो, पण तिथे मशीनला काढू दिलं नाही. एकाच फोटोची मोठी मूळ प्रत आणि मेसेजवरून आलेली लहान प्रत यात मोठी ठेवायची हे सोपं, पण एका सेकंदात काढलेल्या पाच फोटोंतला कुठला ठेवायचा हे मावशीने ठरवलं, आणि तिने बऱ्याच वेळा पाचही ठेवले. ठेवू द्या. हाइक फोटोसोबतची दोन-तीन सेकंदांची मूव्ह फाईल ही वेगळी क्लिप नसून त्या फोटोचाच हलता भाग असतो, ती 'फालतू लहान व्हिडिओ' म्हणून उडवू नये.

मिनीडीव्ही कॅसेटबद्दल सांगायलाच हवं, कारण ओळख फाईलच्या आत असणं म्हणजे काय ते मला त्यातच सगळ्यात स्वच्छ दिसलं. मिनीडीव्ही ही डिजिटल टेप आहे, आणि रेकॉर्डिंग कुठल्या दिवशी किती वाजता झालं हे टेपवर व्हिडिओसोबतच नोंदलेलं असतं. फायरवायर केबलने कच्चा डीव्ही, म्हणजे टेपवरचा डेटा काही न बदलता, घेतला की ती नोंद जशीच्या तशी फाईलमध्ये उतरते. काकांनी पूर्वी आठ कॅसेट एका दुकानातून कॉम्प्युटरवर करून आणल्या होत्या, त्या एमपी४ करून दिलेल्या, छोट्या, सुबक, आणि त्यात तारीख नाही, सगळे शॉट एका लांब फाईलमध्ये. त्याच कॅसेट मी परत कच्च्या घेतल्या तर प्रत्येक शॉटची तारीख-वेळ मिळाली आणि फाईल शॉटनुसार आपोआप तुटलीही. कच्चा डीव्ही तासाला सुमारे १३ जीबी खातो, बावीस कॅसेटचं मिळून २८६ जीबी झालं. आजच्या डिस्कवर ती जागा काहीच नाही. मूळ डीव्ही 'मूळ' फोल्डरात ठेवले, बघण्यासाठी डीइंटरलेस करून, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करून, सेकंदाला ५० फ्रेमवाल्या एच२६४ प्रती केल्या, कारण इंटरलेस व्हिडिओ आजच्या टीव्हीवर हलताना कंगव्याच्या दातांसारखा फाटतो. प्रत हवी तेव्हा परत करता येते, मूळ नाही.

गाण्यांसाठी नॅव्हिड्रोम घेतलं. ते फोल्डर बघत नाही, टॅग बघतं, त्यामुळे काकांनी मेहनतीने लावलेली फोल्डरं त्याच्या दृष्टीने नव्हतीच. एक अल्बम नऊ तुकड्यांत दिसायचा कारण प्रत्येक गाण्याचे गायक वेगळे आणि 'अल्बम आर्टिस्ट' हा टॅग रिकामा. तो भरला की अल्बम एक होतो, एवढ्या एका टॅगने निम्मा पसारा आवरला. पिकार्ड हा म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या डेटाबेसचा प्रोग्राम गाण्याचा आवाज ऐकून, म्हणजे त्याचा ठसा काढून, गाणं ओळखतो, पण मराठी आणि जुन्या रेकॉर्डिंगच्या बाबतीत त्याच्या डेटाबेसमध्ये बरंच काही नाही, तिथे हातानेच करावं लागलं.

पण खरी गंमत होती टॅगमधल्या अक्षरांची. शे-दीडशे गाण्यांची नावं रोमन 'ए'वर तिरकी रेघ, मग चलनाचं गोल चिन्ह, मग काहीतरी, परत तोच 'ए', परत तेच गोल चिन्ह, अशी दिसत होती. सगळ्यांनी ती 'करप्ट' म्हणून सोडून दिलेली. ती करप्ट नव्हती, ती देवनागरीच होती. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच, दुसराही दोनपैकीच एक. एखाद्या जुन्या प्रोग्रामने ते तीन बाइट म्हणजे तीन वेगळी युरोपियन अक्षरं समजून वाचले की नेमकी हीच नक्षी उमटते. उलटं केलं, म्हणजे ती अक्षरं परत बाइट करून युटीएफ-८ म्हणून वाचली, की नाव परत येतं. छोटी स्क्रिप्ट चालवली आणि स्क्रीनवर एकामागून एक मराठी नावं उमटत गेली, काका शेजारी बसून मोठ्याने वाचत होते. काही नावं मात्र अर्धवट आली. मधल्या प्रोग्रामच्या तक्त्यात काही बाइटांना जागाच नव्हती, ते त्याने टाकून दिले होते, आणि हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्यातलाच, 'झ' आणि देवनागरी 'ए' यांचाही. त्यामुळे जोडाक्षरं सुटलेली, 'झ' गायब. ती काकांनी वाचून ओळखली आणि मी टाइप केली. आणखी काहींची नावं दहाव्या चिन्हावर तुटलेली, कारण आयडी३ या एमपी३च्या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत नावाला तीस बाइटच असतात आणि तीस भागिले तीन म्हणजे दहा. रोमन नावाला तीस अक्षरं मिळतात, आपल्याला दहा, त्यात काना-मात्राही मोजल्या जातात.

हाच तीन बाइटचा हिशोब फाईलच्या नावालाही लागतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाईलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं. 'स्वातंत्र्य' हा शब्द दिसायला तीन अक्षरी पण आत अकरा चिन्हं, ३३ बाइट. काकांना कार्यक्रमाचं पूर्ण वर्णन फाईलच्या नावात लिहायची सवय, ती विंडोजवर चालत होती कारण तिथे मोजणी वेगळी आहे, लिनक्सवर घेताना चाळीसेक फाईली 'नाव फार लांब' म्हणून नाकारल्या गेल्या आणि लॉग वाचला नसता तर त्या गेल्याच असत्या. वर्णन मग फाईलच्या आत डिस्क्रिप्शनमध्ये टाकलं, नाव छोटं केलं.

आणि 'किनाऱ्यावर' नावाची तीन फोल्डरं. शेजारी शेजारी, तंतोतंत सारखी दिसणारी, आणि कॉम्प्युटरच्या मते तीन वेगळी. भांडण त्या ऱ्याचं. एकात ऱ हे एकच चिन्ह होतं. दुसरं एका जुन्या मशीनवरून आलं होतं ज्याची फाईलसिस्टिम चिन्हं फोडून ठेवायची, म्हणून तिथे र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे. तिसऱ्यात कुणीतरी र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह अशी जुन्या कीबोर्डची पद्धत वापरलेली. पहिल्या दोघांचा प्रश्न युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करून, सुटतो, कॉन्व्ह-एमव्ही नावाचा प्रोग्राम सगळी नावं एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणून देतो. तिसऱ्याचा सुटत नाही, कारण युनिकोड त्याला वेगळाच मजकूर मानतं, तिथे शोधा आणि बदला हाच मार्ग. 'अ‍ॅ'चंही तसंच, अ ला जोडून टोपी एक आणि स्वतंत्र चिन्ह दुसरं, सर्चमध्ये एक टाइप केलं की दुसरं सापडत नाही. मराठीत नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासावं असं मला फार वाटतं. इंग्रजीत नावं ठेवा, भानगडच नको, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. नाही ठेवली. मावशी मराठीत शोधते, तिची चीज तिला तिच्या शब्दात सापडली पाहिजे. फक्त सिनेमे आणि मालिका यांची फोल्डरं रोमनमध्ये, कारण तिथे नाव मशीनने डेटाबेसमध्ये शोधायचं असतं, आणि मराठी शीर्षक एनएफओमध्ये.

पुस्तकांना कॅलिबर. २००६ पासून चालू असलेला प्रोग्राम, भक्कम आहे, पण त्याची एक अट आहे, लायब्ररीचं फोल्डर त्याचं, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. आणि तो देवनागरी लेखक-शीर्षकाचं रोमन लिप्यंतर करून फोल्डर बनवतो. आधी मला राग आला, मग सोडून दिला, कारण प्रत्येक पुस्तकाच्या शेजारी तो ओपीएफ फाईल लिहितो आणि तिच्यात मराठी नाव, लेखक, मालिका, सगळं नीट असतं, म्हणजे शेजारी-फाईल हा माझा नियम पाळला जातोच. कॉमिक आणि मासिकांचे स्कॅन कॅलिबरमध्ये घातले नाहीत, ते कोमगा या कॉमिकच्या सर्व्हरवर, सीबीझेड म्हणजे शेवटी चित्रांची झिपच, तिच्यातच कॉमिकइन्फो नावाची एक्सएमएल फाईल घालून दिली की झालं.

पीडीएफने मात्र छळलं. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, वाचायला सुंदर, पण शब्द शोधला तर सापडत नाही, कॉपी केलं तर रोमन अक्षरांचा कचरा निघतो, कारण आत खरोखर रोमन अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. ओसीआर-माय-पीडीएफ या प्रोग्रामला सक्तीने ओसीआर करायला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायला, सांगितलं की तो पानाचं चित्र करून, जुना मजकूर टाकून, टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी मॉडेलने नवा थर लावतो. चुका राहतात, जोडाक्षरांत जास्त, पण शोधायला पुरेसं होतं. मूळ पीडीएफ वेगळी ठेवली. घरची कागदपत्रं, बिलं, सर्टिफिकेटं यांना या सगळ्यात घेतलंच नाही, ती वेगळी जागा, वेगळे पासवर्ड.

चालवण्याच्या बाजूला फार काही सांगण्यासारखं नाही. छोटा पीसी, इंटेलचा, त्यात क्विक सिंक ही व्हिडिओसाठीची सोय असल्याने ट्रान्सकोडिंग, म्हणजे चालता चालता व्हिडिओचा फॉरमॅट बदलणं, झेपतं, पण बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही, टीव्हीला फाईल आहे तशी जाते. अडायचं एकाच ठिकाणी, डीव्हीडीवरून आलेली सबटायटल ही मजकूर नसून चित्रं असतात, ती लावली की सर्व्हरला ती व्हिडिओवर भाजून सगळा व्हिडिओ नव्याने करावा लागतो. एसआरटी, म्हणजे मजकुराची सबटायटल फाईल, शेजारी ठेवली की तो त्रास गेला. दोन डिस्क आरशासारख्या एकमेकींच्या प्रती, तिसरी डिस्क महिन्यातून एकदा भरून दादाच्या घरी जाते. आरसा म्हणजे बॅकअप नाही, एका बाजूला फाईल उडवली की दुसऱ्याही बाजूची उडते, हे दादाला पटवायला वेळ लागला.

चौथ्या महिन्यात मी परीक्षा घेतली. जेलीफिन, नॅव्हिड्रोम, इम्मिच तिन्हीचे जुने कंटेनर आणि डेटाबेस एका रिकाम्या मशीनवर मुद्दाम नेलेच नाहीत, फक्त फाईली दिल्या आणि अ‍ॅप कोरी चढवली. गाणी पूर्ण आली. सिनेमे पोस्टरसकट आले. फोटोंच्या तारखा, कीवर्ड, वर्णनं आली, कारण ती फोटोत किंवा शेजारच्या एक्सएमपी फाईलीत होती. गेलं काय, तर चेहऱ्यांना दिलेली नावं, अल्बम, आणि कुठलं गाणं किती वेळा ऐकलं ते. चेहऱ्यांची नावं गेलेली मला चालणार नव्हती, मावशीने आठवडाभर बसून ती दिली होती. तेव्हापासून इम्मिचच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, रोज रात्री निघतो आणि तिसऱ्या डिस्कबरोबर जातो, आणि जुन्या फोटोंच्या बाबतीत नावं वर्णनातही लिहितोय, 'डावीकडून' असं म्हणून.

आणि आजीचा आवाज. काकांनी कॉम्प्युटरवर घेतलेली फाईल सापडली नाही, ज्या लॅपटॉपवर होती त्याची डिस्क पूर्ण गेलेली. मग एकतीस कॅसेट एकेक करून ऐकल्या, प्लेअरचं हेड साफ करून, प्रत्येक बाजू पूर्ण, कारण लेबलांवर विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं. एकोणिसाव्या कॅसेटवर, लेबल गाण्यांचं, बाजू बी, गाणी संपल्यावर बराच वेळ नुसती खरखर, आणि मग आजी. कुणाचं तरी पत्र मोठ्याने वाचून दाखवतेय, मधेमधे थांबून बोलतेय, मागे मुलं. सव्वाचौदा मिनिटं. फ्लॅक केली, मूळ खरखर तशीच ठेवली, साफ केलेली वेगळी प्रत केली, ऑडिओबुकशेल्फ या ऑडिओबुकच्या सर्व्हरवर चढवली. शीर्षक काय द्यायचं ते मला कळेना. मावशीला हेडफोन दिला आणि मी कीबोर्डवर बसले. "हा आवाज माझ्या मोठ्या भावाचा," ती म्हणाली, "थांब, मागे घे, हो तोच, आणि पत्र आत्याचं आहे, ती तेव्हा नवीन गावी गेली होती." मी मिनिट-सेकंद लिहीत गेले आणि पुढे ती सांगेल ते, तिच्याच शब्दात, चॅप्टर म्हणून. पहिल्या बैठकीत सहा मिनिटांपर्यंत पोचलो. अजून आठ बाकी आहेत, आणि मामांनाही एकदा ऐकवायचंय.